पुलावर पाय न ठेवणारे कप्तान

आगबोट सबंध लाकडाची होती. कप्तानांच्या वडिलांनी तिच्या फळ्या तासल्या, काकांनी इंजिन बसवलं. चाळीस वर्षं तिने खाडीपलीकडे नवऱ्या नेल्या, आजारी माणसं नेली, कोंबड्या आणि शाळामास्तर एकाच बाकावर बसवून नेले. वाटेत धाप लागायची, पण पोचवायची. मग पूल झाला, बस धावू लागली आणि म्हातारीला कुणी विचारीना.

कप्तानांनी तेव्हाच सगळ्या खलाशांना बजावलं, "पुलावर ज्याचा पाय पडेल, त्याने या बोटीवर चढायचं नाही."

भट्टीत कोळसा घालणारा साधा माणूस होता, त्याने ते मनावर घेतलं. एका संध्याकाळी निरोप आला, पलीकडे बहिणीकडे आई अत्यवस्थ आहे. तो कप्तानांच्या दारात आला. "साहेब, आजच्यापुरता बसने जाऊ?"

"शब्द म्हणजे शब्द," कप्तान म्हणाले.

तो सकाळच्या बोटीने गेला. आई पहाटेच गेली होती.

पुढे मालकांनी बोट मोडीत काढायचं ठरवलं. शेवटच्या फेरीला मात्र ही गर्दी लोटली! सुकाणू खलाशाच्या हाती देऊन कप्तान पांढऱ्याशुभ्र गणवेशात बाकावर चढले आणि त्यांनी लोकांची हजेरी घेतली.

"लाज नाही वाटली तुम्हाला, हिला वाऱ्यावर सोडताना?" त्यांनी भट्टीवाल्याला खालून बोलावून घेतलं. "याच्याकडे बघा! सख्ख्या आईसाठीसुद्धा पूल चढला नाही. याला म्हणतात निष्ठा!"

टाळ्या पडल्या. भट्टीवाला मान खाली घालून उभा होता.

गर्दीत बसचा कंडक्टर होता, बायकोला बोट दाखवायला आलेला. बिचाऱ्याच्या पोटात पाप नव्हतं. तो कौतुकाने म्हणाला, "साहेब, रविवारी नातवाकडे यायचंय ना? खिडकीची जागा ठेवतो नेहमीसारखी."

हशा पिकला. कप्तानांचे कान तापले. नातू झाल्यापासून दर रविवारी ते मफलर गुंडाळून बसमध्ये बसत. बोटीने पोचेपर्यंत पोर झोपून जाई, मग काय करणार, अशी ते स्वतःचीच समजूत घालत.

भट्टीवाल्याने मान वर केली. "साहेब, नातू माझी आई जायच्या आधी झाला ना?"

खोटं बोलायला कप्तानांची जीभ वळेना. "हो," ते पुटपुटले.

 भट्टीवाल्याने चार शिव्या घालाव्यात, हात उगारावा, असं कप्तानांना मनापासून वाटलं. तेवढं केलं असतं तरी त्यांना त्याच्याकडे बघता आलं असतं.

तो शिडी उतरून गेला आणि फावडं घेऊन वर आला. ते त्याने कप्तानांच्या हातात दिलं.

"वाफ उतरतेय," तो म्हणाला, आणि उतारूंच्या बाकावर जाऊन बसला.

कप्तान पांढऱ्या गणवेशातच भट्टीकडे उतरले.