चार वाजेपर्यंत हरकत नसल्यास

सकाळपासून मी कॉफीच्या यंत्रापर्यंत सात फेऱ्या मारल्या होत्या आणि एकदाही कॉफी घेतली नव्हती. एका जागी बसवतच नव्हतं.

विमानांच्या धुराच्या करारासाठी मी माझ्या देशाची प्रतिनिधी म्हणून ह्या इमारतीत आठ वर्षं घसा कोरडा केला आहे. कोणत्या देशाच्या विमानांनी किती कार्बन हवेत सोडायचा, तो मोजायचा कोणी, कमी करायचा कोणी. पावणेदोनशेच्या वर देश, आणि प्रत्येकाला वाटतं की शेजारीच जास्त धूर सोडतो. शेवटी सोमवारी अध्यक्षबाईंनी वैतागून अंतिम मसुदा सगळ्यांना पाठवला आणि मौनाची मुदत लावली. शुक्रवारी दुपारी चारपर्यंत एकाही देशाने लेखी हरकत घेतली नाही, तर करार मंजूर. मत द्यायचं नाही, हात वर करायचा नाही, फक्त गप्प बसायचं. एकाने जरी पत्र दिलं, तर सगळं मुसळ केरात आणि पुन्हा तीन वर्षं चर्चा.

आज शुक्रवार होता. आठ वर्षं बोलण्याचा पगार घेतला, आणि शेवटच्या दिवशी काम काय, तर तोंड बंद ठेवणं! माझ्यासारख्या बाईला ही शिक्षाच.

अकराला धाकट्या भावाचा फोन आला. घरी आम्ही त्याला बारक्या म्हणतो. पंचेचाळिशी उलटली, टक्कल पडलं, तरी बारक्याच. आमच्या देशाच्या एकुलत्या एका विमान कंपनीत इंधनाच्या नोंदी तो ठेवतो.

"ताई, हरकत घे," तो म्हणाला. ना नमस्कार, ना कशी आहेस.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"कलम एकोणीस काढायला लाव. नाहीतर मी मेलो."

कलम एकोणीस माझं होतं. प्रत्येक देशाने आजवर दिलेले इंधनाचे आकडे बाहेरचे तपासनीस येऊन पंपाच्या पावत्यांशी ताडून बघणार. त्याशिवाय कराराला अर्थ नाही, असं मी टेबल आपटून सांगितलं होतं.

"तुझ्या नोंदींत काय गडबड आहे?"

"पहिल्या वर्षी तू फोन केला होतास. आठवतंय?"

नव्हतं आठवत. मग आठवलं. पहिल्याच बैठकीत प्रत्येक देशाने आपल्या विमानांच्या इंधनाचा आकडा दुपारपर्यंत द्यायचा होता. नाही दिला तर यादीत देशाच्या नावापुढे नुसती रेघ. सगळ्या जगासमोर रेघ! मंत्रालयातून तीन आठवडे कोणी उत्तर देत नव्हतं, म्हणून मी भावाला फोन केला. तो म्हणाला, जुन्या वह्या गोदामात आहेत, दोन दिवस दे. मी म्हटलं, दोन दिवस कुठले रे, अंदाजे सांग. त्याने सांगितला. मी तो तक्त्यात भरला आणि 'पडताळलेला आकडा' ह्या चौकटीत खूण केली. खूण केल्याशिवाय तक्ता पुढे सरकतच नव्हता.

"तो पाव हिश्शाने कमी निघाला," बारक्या सांगत होता. "दुसऱ्या वर्षी खरा दिला असता, तर एका वर्षात इतकं इंधन कसं वाढलं म्हणून बैठकीत त्यांनी तुला जाब विचारला असता. मग मी त्याच आकड्यावर दोन-तीन टक्के चढवत गेलो. दर वर्षी. सह्या माझ्या आहेत, ताई."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही तुला?"

"तू त्याच आकड्यावर भाषणं देत होतीस. आम्ही छोटे, पण बघा किती जपून उडतो म्हणून. आई टीव्हीसमोरून उठायची नाही."

खोटारड्या, बेशरमा, तोंडाला येईल ते मी बोलले आणि फोन आपटला. नंतर तो तीनदा वाजला. मी उचलला नाही. त्याच्यावर चिडणं सोपं होतं, आणि तेवढा वेळ तरी मला स्वतःकडे बघावं लागत नव्हतं.

दीड वाजता मंत्रालयातल्या आमच्या सचिवसाहेबांना फोन लावला. हरकत घ्यायची की नाही, हे ठरवणं त्यांचं काम.

"विमान कंपनी म्हणते घ्या, पर्यावरण खातं म्हणतं नको. मंत्री दौऱ्यावर," ते म्हणाले. "तुम्ही तिथे आहात. परिस्थिती बघून काय ते करा."

"हे लेखी द्याल?"

"लेखी कशाला? आमचा पूर्ण विश्वास आहे तुमच्यावर."

झालं! म्हणजे आता मी तीन ओळींचं पत्र दिलं असतं, तर बारक्या वाचला असता, मी वाचले असते, आणि कोणी हूं की चूं केलं नसतं. मला असं मोकळं सोडायला नको होतं.

गॅलरीत शेजारच्या देशाचे प्रतिनिधी भेटले. त्यांना सगळे मिशीवाले म्हणतात. त्यांनी कोटाचा खिसा थोपटला. "आमचं पत्र तयार आहे. पण म्हटलं, आधी दुसरं कोणी देतंय का बघू. उगाच वाईटपणा कशाला? तुम्ही देताय?" त्यांचा चेहरा इतका आशाळभूत होता की मला हसू यायला हवं होतं.

खोलीत जाऊन मी हरकतीचं पत्र लिहिलं. दोन मिनिटांत झालं. असली पत्रं मी झोपेतही लिहीन. सही करायला पेन उघडलं आणि हात चालेना. बारक्याच्या दोन मुली डोळ्यांपुढे येत होत्या. नोकरी जाईल, कदाचित खटलाही होईल. आणि दुसरीकडे आठ वर्षं. माझीच नव्हे, त्या सभागृहातल्या सगळ्यांची. मी रडले, खरं सांगते, नाक पुसायला रुमाल सापडेना म्हणून स्वतःवरच ओरडले. मग ते पत्र टराटरा फाडलं आणि दुसरं लिहिलं.

'आमच्या देशाचा पहिल्या वर्षाचा आकडा चुकीचा आहे. तो मी फोनवर अंदाजे मागवला आणि पडताळलेला म्हणून दिला. पुढचे सर्व आकडे त्यावर बेतलेले असल्यामुळे तेही चुकीचे आहेत. जबाबदारी माझी.'

पत्रं जमा करायच्या टपालाच्या खिडकीवरच्या बाईने ते वाचलं, चष्मा काढला, पुन्हा वाचलं.

"ही हरकत आहे का?"

"नाही. दुरुस्ती."

"मौनाच्या मुदतीत दुरुस्ती कोणी देत नाही."

"मसुद्यातला एक शब्दही बदला म्हटलेलं नाही मी. मग हरकत कशी होईल?"

तिने नियमांचं पुस्तक काढलं. पानं उलटत बसली, मी घड्याळ बघत बसले. शेवटी तिने शिक्का मारला, तीन बावन्न, आणि पत्र 'इतर' लिहिलेल्या ट्रेमध्ये टाकलं.

चार वाजले. अध्यक्षबाई उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "एकही हरकत नाही. करार मंजूर." टाळ्यांचा नुसता कडकडाट. मिशीवाल्यांनी मला मिठीच मारली; त्यांच्या खिशातलं पत्र माझ्या खांद्याला टोचलं. मी सुटका करून घेऊन बाहेर पळाले आणि बारक्याला फोन लावला. भावजयीने उचलला.

"फोन घरीच ठेवून गेलेत, वन्सं. रजा टाकली होती आज."

"गेला कुठे?"

"कंपनीत, मोठ्या साहेबांकडे. तुम्ही फोन उचलेनात. म्हणाले, ताई काही हरकत घ्यायची नाही, मी ओळखतो तिला. मग निदान तिच्यावर तरी येऊ नये. लिहून घेऊन गेलेत."

"काय लिहिलंय?"

"बहीण पहिल्यापासून खरे आकडे मागत होती, मीच जाणूनबुजून कमी दिले. तिला काही माहीत नव्हतं." तिला रडू फुटलं. "शुद्धलेखन मला तपासायला लावलं हो."

"अगं, मी इकडे लिहून दिलंय की अंदाजे आकडा मीच मागितला होता. त्याला थांबव. आत्ता रिक्षा कर आणि जा."

"तीनलाच देऊन झालं असेल." मग एकदम म्हणाली, "वन्सं, तुम्ही तुमचं पत्र परत घेऊ नका. पाया पडते तुमच्या."

टपालाची खिडकी पाचपर्यंत उघडी असते, आणि दिलेलं पत्र तोवर परत मागता येतं. हे मला माहीत होतं, पण ती बोलेपर्यंत ते मनात आलं नव्हतं. आता बारक्याचा कागद तिकडे पोचला होता. माझा मागे घेतला की सगळं त्याच्या एकट्यावर, माझ्यावर कोणी बोट ठेवू शकणार नव्हतं. खिडकी समोरच होती. ती बाई पेला धुवायला उठली होती.

"नाही घेत," मी म्हटलं.

पण म्हणायला वेळ लागला होता, आणि तो तिच्या लक्षात आला होता.

"पुन्हा एकदा म्हणा, वन्सं," ती म्हणाली.

मी पुन्हा म्हटलं.