सूर धरणाऱ्याची तीन मिनिटे

लोककलावंतांच्या नोंदणीसाठी सोलापूरच्या एका सभागृहात सकाळपासून रांग लागली होती. दुधनीच्या निंगप्पाने टेबलासमोर बसून तीन मिनिटे सनई वाजवली. तिचे ध्वनिमुद्रण झाले, नाव लागले. तीस वर्षे त्याच्या मागे बसून सूर धरणारा त्याचा मेहुणा शिवलिंगप्पा आता पुढे सरकला.

"यांना सनईचे सहायक म्हणून घेते," नोंदणी करणाऱ्या इंद्रायणी मॅडम कागदावर लिहीत म्हणाल्या.

"सहायक कुनाचा? ह्ये येगळं वाद्य हाय की. सूर म्हनत्यात."

"यादीत शिंग आहे, पावा आहे, पुंगी आहे. सूर नाही, काका. आणि तुमच्या हातातली ही तर सनईच दिसते."

"सनईची भोकं उगडी असत्यात. हितं मेन भरलंय, बगा."

"घे की नाव लावून कुटं तरी," निंगप्पा कुजबुजला. "कलावंताचं कार्ड मिळाल्याशी मतलब."

"तुमचं नाव लागलं न्हवं, दाजी? मग बोला की."

मॅडम अवघडल्या. "पण एकच स्वर तीन मिनिटं कोण ऐकणार?"

"तीस वर्सं ऐकत्यात. त्येंची तीन मिंटं घेतलीसा, माजीबी घ्या."

त्यांनी यंत्र सुरू केले. शिवलिंगप्पाने गाल फुगवून सूर लावला. नाकाने श्वास आत जात होता, गालांतला वारा नळीत उतरत होता. स्वर कुठेही तुटत नव्हता. रांगेतली कुजबुज हळूहळू थांबली. सवयीने निंगप्पाने सनई ओठांशी नेली. बोटे फिरवायची नसल्याने शिवलिंगप्पाचा एक हात मोकळाच होता. तो उचलून त्याने दाजींना अडवले. आज या सुरावर कुणाची सनई चढायची नव्हती.

तीन मिनिटे भरली. मॅडमनी यंत्र बंद केले.

"झालं, काका. थांबा आता."

तो थांबला नाही. त्याचे डोळे त्यांच्या हातातल्या कागदावर होते. कपाळाची शीर टरारली होती.

"अहो, पुढचे लोक खोळंबलेत! काय लिहू म्हणता?"

तोंड मोकळे केल्याशिवाय उत्तर देता येत नव्हते, आणि तो तोंड मोकळे करणार नव्हता. शेवटी निंगप्पाच टेबलावर वाकला.

"लिवा, मॅडम. वाद्य, सूर. वाजवनार शिवलिंगप्पा, दुधनी. ते सहायक तेवडं खोडा."

मॅडमनी पेन उचलले. छापील यादीच्या खाली, कोऱ्या जागेत, एक ओळ उमटू लागली. गावाच्या नावातले शेवटचे अक्षर पुरे होईपर्यंत शिवलिंगप्पाने सूर सोडला नाही.