घरचा संघ

लिफ्टदुरुस्तीचं काम करणारा तो माणूस घटस्फोट झाल्यापासून आला दिवस ढकलत होता. दर शनिवारी लेक राहायला यायची. दार उघडलं की तो म्हणायचा, "बॅग पाहुण्यांच्या खोलीत ठेव." शब्द तोंडात बसला होता, इतकंच.

आज त्याने मोबाइलवर फुटबॉल स्टेडियमची सहल शोधून काढली. खेळाडू मैदानात येतात तो बोगदा, कपडे बदलायच्या खोल्या, सगळं दाखवतात म्हणे.

"मॅच नसताना? नुसत्या खुर्च्या बघायला कोण जातं, बाबा?"

"गर्दी नसते. बरं असतं." आपलाच आवाज त्याला लिफ्टमधल्या सूचनेसारखा कोरडा ठक्क वाटला. "फोटो एकाच खोलीत काढता येतो. घरच्या संघाच्या, नाहीतर पाहुण्या संघाच्या. कुठे काढायचा?" विचारतानाच त्याने मोबाइलवर 'घरचा संघ' या ओळीवर बोट टेकवलं होतं.

"पाहुण्यांच्या," लेक म्हणाली.

"अगं, ती खोली एवढीशी आहे. नुसती लाकडी बाकं."

"असू दे. मला सवय आहे."

टोमणा असता तर तो चिडला तरी असता. ती तर चपलेचा पट्टा लावत होती.

"बरं," तो म्हणाला, आणि बोट खालच्या ओळीवर नेलं.