टेकलेले पाय

“विनिताताई, पाटाभोवती रांगोळी काढू का? उदबत्ती पण लावते!” शेजारच्या टेबलावरून नयन म्हणाली आणि आख्खी ओळ हसली.

“काढ. आणि जिलबी वाढ,” विनिता म्हणाली. टेबलाखाली तिचे अनवाणी पाय घरून आणलेल्या पाटावर नीट टेकले होते.

वागळे इस्टेटमधल्या या ऑफिसात ती विम्याचे दावे कॉम्प्युटरवर भरत असे. अंगानं ठेंगणी, आणि खुर्ची खाली करायचा दांडा केव्हाच मोडलेला. पाय दिवसभर लोंबकळत, संध्याकाळी सुजत, कंबर धरे. खुर्ची बदला म्हणून सांगून सांगून ती थकली. शेवटी घरातला पाट पिशवीत घालून घेऊन आली. सासूबाईंची एकच अट होती, पाटाला चप्पल लागता कामा नये.

मॅनेजर केदार घाईघाईनं आला. “ताई, तो पाट उचला आधी. बंगळुरूचे साहेब आलेत, लिफ्टपाशी आहेत. आणि चपला घाला.”

“खुर्ची बदलून द्या, लगेच उचलते.”

“तुमचं कॉन्ट्रॅक्ट याच महिन्यात संपतंय ना? जरा विचार करा.”

विनितानं विचार केला. घराचा केला, मुलीच्या कॉलेजचा केला. पाय मात्र हलले नाहीत.

साहेब फिरत फिरत नेमके तिच्यापाशी थांबले. “ये क्या है?”

“मन्नत है इनकी, सर,” केदार हसून म्हणाला. “नंगे पाँव रहती हैं. हम लोग कुछ बोलते नहीं.”

“अच्छा, अच्छा.” साहेबांनी आदरानं मान लववली. केदारनं विनिताकडे पाहिलं. त्याच्या नजरेत चक्क विनवणी होती. तिनं नुसती मान डोलावली असती, तर नोकरीही राहिली असती आणि पाटही.

तिनं साहेबांकडे मान वर केली.

“मन्नत-बिन्नत काय नाय सर,” ती म्हणाली. “कुर्सी ऊंची है. पाँव टेकता नहीं. दो साल से बोलती मैं.”

कुणी हसलं नाही. नयन मान खाली घालून टाइप करत राहिली. साहेबांनी केदारकडे एकदा पाहिलं आणि ते पुढच्या टेबलाकडे वळले.

दुपारच्या चहानंतर विनिताचं लॉगिन बंद झालं.

“कॉन्ट्रॅक्ट आजच थांबवलंय,” केदार हळू आवाजात म्हणाला. “तुम्ही निघालात तरी चालेल.”

“सुट्टी सहाला होते.”

“पण आता करणार काय तुम्ही?”

“बसणार.”

काळ्या स्क्रीनसमोर खुर्ची मागे वाटेत सरकवून, पाय पाटावर आणि हात मांडीवर ठेवून, पाठ टेकून ती बसली. येणाऱ्या-जाणाऱ्याला तिला वळसा घालून जावं लागत होतं. तिनं खुर्ची पुढे ओढली नाही.