फुगवट्याच्या मागे

आमच्या ऑफिसात आलेख फिरवायचा नाही, असा नियम आहे. आकडे रोज नवे भरायचे, पण चित्र जिथे आहे तिथेच ठेवायचं. रस्त्याखालून बोगदा खणला जातोय. वर फुटपाथवर ठोकलेले पितळी खिळे किती मिलिमीटर खचले किंवा उचलले ते रोज सकाळी मोजतात आणि मी त्याचा त्रिमितीय आलेख काढते. पडद्यावर अंथरलेल्या चादरीसारखी जमीन दिसते. ती डाव्या कोपऱ्यातून, जरा वरून पाहायची. हा कोन मोठ्या साहेबांनी काम सुरू झालं तेव्हाच ठरवला आणि सेव्ह करून टाकला. कोन बदलला तर मागच्या आठवड्याशी तुलना कशी करणार, असं त्यांचं म्हणणं. म्हणणं बरोबर आहे, म्हणूनच त्याच्याशी भांडता येत नाही.

मंगळवारी दुपारी माझा माउस घसरला आणि चित्र गर्रकन फिरलं. मी ते पुन्हा जागेवर आणणार, तेवढ्यात पुढच्या फुगवट्यामागे मला खळगा दिसला. फुगवटा सगळ्यांच्या ओळखीचा होता. जमीन घट्ट व्हावी म्हणून तिथे सिमेंटचं पाणी दाबाने आत सोडलं होतं, त्याने रस्ता थोडा वर आला होता. आम्ही दर आठवड्याला त्या फुगवट्याचं कौतुक करत बसलो आणि त्याच्या पाठीमागे जमीन मुकाट खाली चालली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

धोक्याची सूचना आली नाही, कारण एकेक खिळा आपापल्या मर्यादेत होता. पण फुगवटा आणि खळगा अगदी शेजारीशेजारी, आणि दोन्हींवर मिळून एकच इमारत उभी. एक पाय स्टुलावर आणि एक जमिनीवर ठेवून उभं राहून पाहा, म्हणजे कळेल. मी आलेखाखाली रस्त्याचा नकाशा घातला आणि इमारत ओळखली. त्या इमारतीत तळमजल्यावर माझी मावशी राहते. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं.

संध्याकाळच्या आतच बैठक बोलावली गेली, एवढं तरी झालं. मी फिरवलेलं चित्र भिंतीवर लावलं. साहेबांनी चष्मा वर केला.

"हे कुठून काढलंस?"

"तोच आलेख आहे साहेब. फक्त आपण मागून पाहतोय."

ठेकेदाराचा इंजिनियर खुर्चीत पुढे सरकला. त्याच्या शर्टाला कधी सुरकुती दिसत नाही, म्हणून आम्ही त्याला इस्त्री म्हणतो. "मॅडम, उभा अक्ष किती ताणलाय बघा. मिलिमीटरचे डोंगर केलेत तुम्ही. तिन्ही अक्षांना एकच माप लावा ना."

मी लावलं. खळगा गेला, फुगवटाही गेला. जेवणाच्या टेबलासारखी सपाट जमीन उरली. खोलीतल्या सगळ्यांचा जीव एकदम भांड्यात पडला आणि कोणीतरी चहाचं विचारलं.

"मग यातलं खरं कुठलं?" साहेब म्हणाले.

"दोन्ही खरी आहेत."

इथेच मी माती खाल्ली. भिंतीला मीटर कळत नाहीत, मिलिमीटरच कळतात, हे मी पुढे सांगत होते, पण तोवर माना वळल्या होत्या. इस्त्रीने अगदी मऊ आवाजात विचारलं, "तुमच्या मावशी तिथेच राहतात ना?" साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा निर्णय झालेला मला दिसला. दिवसातून दोनदा मोजायचं, सोमवारी पुन्हा बसायचं आणि तोपर्यंत बाहेर अवाक्षर काढायचं नाही. काढलं तर नोकरी गेलीच समजा.

मी तडक मावशीकडे गेले. दार आतून ओढताना तिची दमछाक झालेली ऐकू येत होती.

"दोन दिवस झाले, अडकतंय मेलं. सुतार म्हणतो लाकूड फुगलंय."

पावसाचा थेंब नव्हता. लाकूड कशाने फुगणार? मी चौकटीच्या कोपऱ्यावर हात फिरवला. केसाएवढी तिरकी भेग होती.

तिला बसवून मी सगळं सांगितलं, मोबाइलवर आलेख दाखवला. तिने तो लांब धरून पाहिला.

"यात माझा ओटा कुठे आहे?"

मी बोटाने चित्र फिरवलं आणि दाखवला. उतारावर. ती उठली. कपाटातून पिशवी काढली, औषधं भरली, दोन कपडे भरले. मला हायसं वाटलं. मग ती थांबली.

"वरच्या मजल्यावरच्यांना कधी सांगितलंस?"

"नाही सांगितलं. सांगता येत नाही मावशी, माझी नोकरी जाईल."

"मग मला कसं सांगितलंस?"

"तू माझी आहेस म्हणून."

तिने पिशवीतले कपडे काढून पुन्हा कपाटात ठेवले. घड्या नीट करून, सावकाश. "वरच्या पोरीचं बाळ दिवसभर माझ्याकडे असतं. पिशवी घेऊन मी त्या जिन्यासमोरून कुठल्या तोंडाने जाऊ?"

"हट्ट करू नकोस गं."

"हट्ट नाही. लाज वाटते मला. तू जा घरी, मी बसते इथे."

मला तिचा राग आला. तिचं काय, बोलून मोकळी झाली. नोकरी माझी जाणार होती, घराचे हप्ते माझे थकणार होते. मी तिचा दंड धरून ओढलं तर ती खुर्ची घट्ट धरून बसली आणि माझ्याकडे बघेना. लहानपणी मला बोलणी बसायची तीसुद्धा अशीच, तोंडातून एक शब्द न काढता.

मी बाहेर आले. जिन्याचा कठडा धरून थोडा वेळ उभी राहिले. वरून बाळाचं खिदळणं ऐकू येत होतं. मग चढले आणि बेल दाबली. त्या पोरीने बाळाला कडेवर घेऊनच दार उघडलं. तिलाही ते दोन हातांनी ओढावं लागलं.

"अय्या ताई, तुम्ही? मावशी बऱ्या आहेत ना?"

"बरी आहे," मी म्हटलं. "मी आज बोगद्याच्या ऑफिसकडून आलेय. आज रात्री इथे झोपू नका."