त्र्याण्णव नंबरचं कुटुंब

वस्तीच्या हॉलच्या दारात चपलांचा ढीग गुडघ्याएवढा झाला होता. आत पाय ठेवायला जागा नव्हती. खिडक्यांच्या गजांना माणसं लटकली होती आणि जांभळ्या मखमलीच्या आसनावर बसलेले अंतर्ज्ञानी बाबा एका रंगाऱ्याच्या डोळ्यांत डोळे घालून सांगत होते,

“तुझ्या घरात चार ते सहा माणसं आहेत.”

“पाच आहेत बाबा!” रंगाऱ्याला हुंदका फुटला.

“तुझं माध्यमिक शिक्षण अपूर्ण आहे.”

“नववी नापास!”

“आणि सांडपाण्याच्या व्यवस्थेबद्दल तू...” बाबांनी डोळे मिटले, “काहीसा असमाधानी आहेस.”

हॉल दणाणला. रंगारी जमिनीवर आडवाच झाला. त्याच्या दारासमोरचं गटार दोन वर्षं तुंबलेलं होतं आणि तो येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून त्याबद्दल बोलायचा. पण ही गोष्ट बाबांना कशी कळली, म्हणून बाया डोळे पुसत होत्या.

मी विद्यापीठाच्या समाजकार्य विभागात शेवटच्या वर्षाला होते. आमच्या विभागानं ही वस्ती दत्तक घेतली होती. वस्तीला हे फारसं ठाऊक नव्हतं. विभागप्रमुख मॅडमना आम्ही पाठीमागे ‘सहभागबाई’ म्हणायचो, कारण त्या शब्दाशिवाय त्यांचं वाक्य पुरं होत नसे. गेल्या महिन्यात आम्ही आरोग्य शिबिर घेतलं, तेव्हा चार माणसं आली होती आणि त्यातली दोन पत्ता चुकली होती. इथे रोज तीनशे! सहभागबाईंचे डोळे चमकले नसते तरच नवल.

“लोकांचा उत्स्फूर्त सहभाग बघा,” त्या मला म्हणाल्या. “रविवारी आपण बाबांबरोबर संयुक्त कार्यक्रम घेऊ. विभागाच्या वार्तापत्रात ‘अलीकडील उपक्रम’ म्हणून छापता येईल. फोटोत मी मधोमध.”

बाबांची पद्धत ठरलेली होती. दारात शिष्य घर क्रमांक विचारायचा आणि मोठ्यानं पुकारायचा. मग बाबा आसनामागच्या पडद्याआड ‘अंतर्ध्यानाला’ जायचे. आतून बारीक सळसळ ऐकू यायची. ती ज्ञानाची सळसळ आहे, असं शिष्य सांगायचा. कागदासारखा आवाज कागदाचाही असू शकतो, हे तीनशे जणांत कुणाच्या डोक्यात आलं नाही. खरं सांगायचं तर पहिले चार दिवस माझ्याही आलं नाही, आणि मी स्वतःला भारी हुशार समजत होते.

पाचव्या दिवशी शिवणवाल्या मावशींचा नंबर लागला. मावशी वस्तीतल्या अर्ध्या लोकांचे कपडे घट्ट-सैल करून द्यायच्या. दीड वर्ष दर बुधवारी मी त्यांच्याकडे चहा प्यायले होते. माझं क्षेत्रकार्य म्हणजे जवळजवळ तेवढंच होतं. बाबा पडद्याआडून आले आणि म्हणाले,

“घरातल्या निर्णयांमध्ये तुझा सहभाग... क्वचित असतो.”

“कध्धीच नसतो हो बाबा!” मावशी रडायलाच लागल्या. “सून विचारतसुद्धा नाही!”

“तुला साखरेचा आजार आहे, पाच वर्षांहून कमी काळ. आजपासून इन्सुलिनची सुई बंद. माझं पाणी पी.”

निर्णयांतला सहभाग, क्वचित! हे वाक्य या पृथ्वीतलावर एकाच ठिकाणी राहत होतं: दीड वर्षापूर्वी आम्ही घरोघरी केलेल्या पाहणीच्या बासष्ट प्रश्नांच्या प्रश्नावलीत, सत्ताविसाव्या नंबरला. ‘कधीच नाही’, ‘क्वचित’, ‘कधीकधी’ यांवर सहभागबाईंनी दोन महिने बैठका घेतल्या होत्या. मावशींच्या फॉर्मवर ‘क्वचित’पुढे खूण मीच केली होती. ‘कधीच नाही’ म्हटलं तर आकडेवारी वाईट दिसते, असं मला वाटलं होतं.

पाहणी संपली, अहवाल छापला गेला, आणि भरलेले फॉर्म दोन पत्र्याच्या पेट्यांत घालून आम्ही याच हॉलमध्ये ठेवून दिले, ‘पुढील टप्प्यासाठी’. पुढचा टप्पा आलाच नाही. बाबा आले.

मी धावत मावशींच्या घरी गेले. “मावशी, सुई बंद करू नका. बाबांना काही कळत नाही, त्यांच्याकडे आमचे कागद आहेत.”

“तुमचे कागद?” मावशींनी तांब्याभर पाणी घटाघट संपवलं आणि तांब्या पुन्हा भरला. “अगं, तुमच्या कागदांनी आजवर माझं काय केलं? बाबांनी एका वाक्यात माझं मन ओळखलं. तू शिकलेली आहेस ना, मग जळू नकोस.”

दवाखान्यातल्या नर्सबाईंना विचारलं तर त्यांनी कपाळावर हात मारला. “चार-पाच दिवस सुई घेतली नाही, तर चक्कर येऊन पडतील, बेशुद्ध होतील. ओढून आणा त्यांना!” मावशी ओढल्या जाणाऱ्यातल्या नव्हत्या. शनिवारी त्यांना सुईत दोरा ओवता येईना, इतकं डोळ्यांसमोर अंधूक झालं होतं. तरी त्या म्हणाल्या की बाबांचं पाणी लागू पडायला लागलं की असंच होतं.

उपाय माझ्याकडे होता. फक्त तो सांगायला तोंड नव्हतं.

पाहणीच्या वेळी माझ्या वाट्याला चाळीस घरं आली होती. एकोणचाळीस केली. ऊन फार होतं. चाळिसावं, घर क्रमांक त्र्याण्णव, मी विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये गार सरबत पीत भरलं. मन लावून भरलं, एवढं मात्र खरं. सात माणसांचं कुटुंब केलं. घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा, डाव्या कानानं बहिरे. दोन पोपट. हवा आणि उजेड, समाधानकारक. आठवड्यानं कळलं की आमच्या यादीतला त्र्याण्णव नंबर म्हणजे वस्तीचं सार्वजनिक शौचालय आहे. तोवर माझी सात माणसं अहवालाच्या टक्केवारीत सुखानं नांदू लागली होती. त्यानंतर दीड वर्ष मी या कानाचं त्या कानाला कळू दिलं नाही.

रविवारी सहभागबाई हार घालून बाबांशेजारी बसल्या. मावशी पहिल्या रांगेत, हातात पाण्याची बाटली, ओठ कोरडे पडलेले. मी रांगेत उभी राहिले. शिष्य मला ओळखत नव्हता.

“घर क्रमांक?”

“त्र्याण्णव.”

“घर क्रमांक त्र्याण्णव!” शिष्य गरजला. मागे दोघंतिघं फिसकन हसले. बाबा आत गेले. आज सळसळ जरा जास्त वेळ चालली. मग ते बाहेर आले, दोन्ही हात वर केले.

“भाग्यवान आहेस मुली! सात माणसांचं भरलं घर! तुझे आजोबा घड्याळं दुरुस्त करतात. डाव्या कानानं त्यांना ऐकू येत नाही. दोन पोपट आहेत. आणि घरात हवा, उजेड...” बाबांनी दीर्घ श्वास घेतला, “समाधानकारक!”

मग शौचालयाची सफाई करणारी बाई उठली. कमरेवर हात.

“त्र्याण्णव मी रोज धुते. आजोबा कुठल्या खोलीत असतात, बायकांच्या का पुरुषांच्या?”

हसण्याचा असा लोट उसळला की खिडकीतला एक जण खाली पडला. पण बाबा कच्च्या गुरूचे चेले नव्हते.

“हसू नका! ते कुटुंब सूक्ष्म रूपात तिथे वास करतं!”

आणि काय सांगावं, हसू थांबलं! रंगाऱ्यानं तर शौचालयाच्या दिशेला हात जोडले. “मला परवा आत पोपट ऐकू आला होता,” कुणीतरी म्हणालं. मावशींनी डोळे मिटून बाटली तोंडाला लावली. आता गप्प बसले असते तर उद्यापासून शौचालयाला हार चढले असते, आणि मावशी आडव्या झाल्या असत्या.

“ते कुटुंब मी लिहिलं!” मी ओरडले. “कॅन्टीनमध्ये बसून, खोटं! त्या घरात मी गेलेच नव्हते. आजोबा माझे, बहिरा कान माझा, पोपटही माझेच. हे फक्त आमच्या फॉर्मवर आहे, दुसरीकडे कुठेही नाही!”

“हा असहभाग आहे!” सहभागबाई किंचाळल्या.

मी पडदा खसकन ओढला. आत आमची पेटी उघडी होती, फॉर्म घरांच्या क्रमानं लावलेले आणि वर बाबांचा चष्मा. सफाईवाल्या बाईनं आसनावरची मखमल उचलली, तर खाली दुसरी पेटी. तिच्यावर पांढऱ्या रंगात विभागाचं नाव आणि खाली ‘माहिती गुप्त राहील’. बाबा आणि शिष्य मागच्या दारानं पसार झाले. घाईत शिष्यानं माझ्या चपला नेल्या.

मी मावशींचा फॉर्म शोधून त्यांच्या हातात दिला. त्यांना अक्षरं दिसेनात, म्हणून मीच वाचला. सत्तावीस, क्वचित. एकेचाळीस, मधुमेह, पाच वर्षांहून कमी.

“म्हणजे हे सगळं मीच सांगितलं होतं?”

“हो. मला. दीड वर्षापूर्वी.”

“आणि ऐकून तू काय केलंस?”

“अहवाल,” मी म्हणाले. मला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मावशी उठायला गेल्या आणि कोलमडल्या. रंगाऱ्यानं आणि मी त्यांना दोन्ही बाजूंनी धरून दवाखान्यात नेलं. नर्सबाईंनी साखर तपासली आणि लगेच मोठ्या इस्पितळाच्या गाडीला फोन लावला. अजून एक दिवस गेला असता तर ही गोष्ट मी सांगितली नसती.

माझं वर्ष गेलं, आणि जायलाच हवं होतं. वार्तापत्रात त्या रविवारबद्दल ‘संकलित माहितीचे वस्तीत लोकार्पण’ असं छापून आलं, फोटोत सहभागबाई मधोमध. बाबा दुसरीकडे कुठेतरी दुकान थाटून बसले असतील. म्हणून सरळ सांगते. कुणी तुमच्या घरातलं अचूक सांगायला लागलं, तर भारावून जाण्याआधी एवढंच विचारा, की हे याला कुणी सांगितलं असेल? बहुतेक वेळा ते तुम्हीच कुठेतरी, कुणाला तरी सांगितलेलं असतं. आणि जो औषध बंद करायला सांगतो, त्याला काहीही न विचारता तिथून उठा.

मावशी आठ दिवसांनी घरी आल्या. पुढच्या बुधवारी मी त्यांना तपासणीला घेऊन गेले. नर्सबाईंनी नवा कागद पुढे ओढला आणि विचारलं, “नाव? वय? आजार केव्हापासून?”

मावशी खुर्ची ओढून ऐसपैस बसल्या.

“सगळं सांगते,” त्या म्हणाल्या. “पण हा कागद कुठे ठेवणार आणि वाचून काय करणार, ते आधी तुम्ही सांगा.”