पाटीखालचं कुलूप

मित्रांनो, मी एक जुनं कुलूप आहे. तुटलेलं आहे, आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्यातली जुनी मंडळी आपली कहाणी सांगायला बसली की शेवटी गंजाचं रडगाणं गातात. मी गाणार नाही.

माझा जन्म अलिगढचा. अंग पितळी, कडी पोलादी. घाटकोपरच्या एका हार्डवेअरच्या दुकानात मी टांगलेलो असायचो. दुकानदार गिऱ्हाइकाला ऐटीत सांगायचा, "चोराचा बाप आला तरी उघडणार नाही!" मला वाटायचं, आपण एखाद्या सोनाराच्या शटरला लागणार. लागलो कुठे, तर विक्रोळीच्या एका शाळेत, तळमजल्यावरच्या संडासाला.

संडासातून चोर काय नेणार, हे कोडं मला पहिल्या दिवसापासून पडलं. दार चांगलं रुंद होतं, आत भिंतीला धरायला दांडा होता आणि वर पाटी होती, 'अपंग विद्यार्थ्यांसाठी'. शिक्षणहक्काचा कायदा आला होता, शाळेत कुणाला अडथळा नको म्हणून ही सोय केलेली. नारळ फुटला, पेढे वाटले गेले. मग मुख्याध्यापिका सुहासिनीबाई शिपायाला म्हणाल्या, "नंदकुमार, उघडं ठेवलं तर पोरं घाण करतील. कुलूप लावा." नंदकुमारांनी मला कोयंड्यात अडकवलं. चोर अडवायला जन्मलेला मी, आणि मला उभं केलं ते ज्यांच्यासाठी दार होतं त्यांनाच अडवायला! राग येईल की नाही सांगा.

सुरुवातीला तपासणीच्या दिवशी तरी मला काढायचे. फिनेल शिंपडायचे, साहेब डोकावून मान हलवायचे, आणि संध्याकाळी मी परत जागेवर. पुढे आत गॅदरिंगचं सामान गेलं. कमोडवर ढोल बसला. मग तपासणीला नुसता पाटीचा फोटो पुरू लागला, आणि माझी किल्ली कुठे गेली याची कुणी चौकशीही केली नाही.

शेजारच्या वर्गात नागरिकशास्त्राचा तास चालायचा. भिंतीपलीकडून सगळं ऐकू यायचं. १९९५ साली अपंगांच्या हक्कांचा पहिला मोठा कायदा झाला. २००९ साली शिक्षण हा प्रत्येक मुलाचा हक्क ठरला. २०१६ च्या कायद्याने तर सांगितलं की शाळेची इमारत, आवार आणि सोयी या मुलांना वापरता आल्याच पाहिजेत. ऐकून माझी छाती फुगायची. त्या नव्या कायद्यानंतर आमच्याकडेही मोठा बदल झाला. पाटी बदलली! 'अपंग' पुसून 'दिव्यांग' लिहिलं. अक्षर फार सुरेख होतं. खाली मी होतो तिथेच होतो.

पाचवीला प्रियंका आली, व्हीलचेअर स्वतःच्या हाताने ढकलत, वाटेतल्या पोरांना "ए, साईड दे ना!" म्हणून ओरडत. रोज माझ्यासमोरून जाताना ती आधी पाटीकडे बघायची, मग माझ्याकडे.

आठवीत आल्यावर तिची मैत्रीण सई एकदा माझ्यासमोरच तिच्यावर चिडली. "अगं, पी ना थोडं पाणी! ओठ बघ कसे फुटलेत."

"नको यार. प्यायलं की जावं लागतं. घरी जाऊन पिईन."

ही मुलगी सकाळपासून शाळा सुटेपर्यंत पाण्याचा थेंब तोंडात घेत नव्हती. चैत्रातल्या उन्हातसुद्धा. शेवटी व्हायचं तेच झालं, लघवीच्या जागी जंतुसंसर्ग होऊन पोरगी तापाने फणफणली. तिची आई द्रौपदी शाळेत आली. कपडे शिवायच्या कारखान्यातून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून आली होती बिचारी. सुहासिनीबाई तिला गोड आवाजात म्हणाल्या, "तिचे हाल बघवत नाहीत हो. घरीच अभ्यास करू दे. परीक्षेपुरती आणा, नाहीतर स्पेशल शाळा बघा." द्रौपदी वळली. जाताना तिने मला हातात धरून जोरात हिसडा दिला. मी उघडलो नाही, आणि त्या दिवशी मला माझ्या मजबुतीची शिसारी आली.

बरी होऊन प्रियंका परत आली ती थेट माझ्यासमोर. मधली सुट्टी होती. तिने खुर्ची दाराला लावली, बाटली उघडली आणि गटागटा पाणी प्यायला लागली. बाटली संपली. तिने सईची मागून घेतली, तीही संपवली. पोरं जमली. सुहासिनीबाई धावत आल्या.

"मॅडम, मी पाणी प्यायलेय," प्रियंका म्हणाली. "आता दार उघडा."

"हा काय हट्ट, बाळ? तुझ्या आईला फोन करते."

"करा ना. बाटली तिनेच भरून दिलीय."

किल्ल्यांचा जुडगा आला. एकही किल्ली लागेना. बाईंच्या कपाळावर घाम फुटला. "जरा थांबशील ना गं?"

"पाचवीपासून थांबलेय, मॅडम."

बाईंनी खुर्चीकडे पाहिलं. पोरीचे खुर्चीवर घट्ट आवळलेले हात त्यांना दिसले असावेत. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "नंदकुमार, हातोडा आणा."

मित्रांनो, पहिला घाव बसला तेव्हा मी हललोही नाही. दुकानदाराने खोटं सांगितलं नव्हतं! मी मनातल्या मनात ओरडलो, "मारा! अजून जोरात मारा!" नंदकुमारांनी दात-ओठ खाऊन हातोडा घातला आणि मी खाली पडलो. आख्ख्या आयुष्यात इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. पोरांनी हातोहात ढोल, खुर्च्या, पडदे बाहेर काढले. नळाला आधी गढूळ पाणी आलं, मग स्वच्छ. प्रियंका आत गेली आणि तिने दार लोटलं.

पुढच्या आठवड्यात पोरं आत घाण करायला लागलीच. बाई थकून म्हणाल्या, "नवं कुलूप आणावं लागेल." तिथून जाणाऱ्या प्रियंकाने खुर्ची थांबवली. "आणा. मी परत पाणी पिईन." नवं कुलूप आलं नाही. रोज दोनदा संडास धुवायचं ठरलं.

मी आता त्याच दाराशेजारी खिडकीत पडलेलो असतो. आमच्यातले सगळे शेवटी विनवतात, आम्हाला जपा, तेल घाला, दुरुस्त करा. मी बजावून सांगतो, मला दुरुस्त करू नका. तुमच्या शाळेत असं रुंद दार असेल तर आजच जाऊन त्याचा कोयंडा बघा. त्यावर माझा कुणी भाऊबंद लटकत असेल, तर त्याची गय करू नका.

आणि दार बंद व्हायलाच हवं असेल, तर त्या दिवशी झालं तसं होऊ दे. सगळी शाळा बाहेर उभी होती, आणि आतून प्रियंकाने स्वतःच्या हाताने कडी लावल्याचा आवाज आला.